पासवरचे वडील

डोक्यावरून विमान गेलं की माणसं वर बघतात. आमचे घरमालकही बघायचे, पण विमान दिसेनासं व्हायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "यो कितीचा?"

कितीचा म्हणजे त्या विमानाचं तिकीट कितीचं. मी विमान कंपनीत नोकरीला होतो, तेव्हा आकाशातून जाणाऱ्या प्रत्येक विमानाचा भाव मला तोंडपाठ असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. मी घड्याळात बघून ठोकून द्यायचो. सकाळी गेलं की दिल्लीचं, दुपारी गेलं की बंगलोरचं. ते भाव ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "जास्ती सांगतस." जणू ते विमान मीच विकायला काढलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीजवळच्या बोनकोड्यात त्यांच्या घराला लागून दोन खोल्या काढलेल्या होत्या, त्यातल्या एकीत मी राहायचो. खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती, कांदा-बटाट्याचे ट्रक नुकते वाशीला यायला लागले होते, आणि मुंबईत खोली न परवडणारे माझ्यासारखे नोकरदार पूल ओलांडून इकडे येत होते. मी मूळचा परभणीकडचा. सांताक्रूझच्या विमानतळावर तिकिटांच्या काउंटरमागे बसायचो. दोन बस बदलून जायचो, दोन बस बदलून यायचो.

खोली बघायला गेलो तेव्हा मी आडनावाच्या प्रश्नाची तयारी करून गेलो होतो. त्याआधी दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्याबरोबर खोली कुणाच्या तरी पुतण्यासाठी ठेवलेली निघाली होती. हे गृहस्थ ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी आडनाव विचारलंच नाही.

"नोकरी कुटं?"

"विमान कंपनीत."

जाळं खाली ठेवलं गेलं. "इमान उडवतस?"

"नाही, तिकिटं फाडतो."

"मंग बेस. उडवनाऱ्याला भाव म्हायती नसतंय," असं म्हणून त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली.

साठी ओलांडलेले, काळेसावळे, अंगाने काटक. कमरेला चौकडीचा रुमाल, अंगात गंजी, पायात काही नाही. त्यांच्या पायांकडे माझं पहिल्या दिवसापासून लक्ष होतं. आयुष्यभर खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, चिखलात उभे राहिलेले ते पाय बोटांशी पसरट झाले होते आणि तळव्यांना खाऱ्या पाण्याच्या भेगा होत्या. घरात मुलगे, सुना, नातवंडं सगळी त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो.

संध्याकाळी कामावरून आलो की हातपाय धुवायच्या आत ओट्यावर हजेरी लागायची. गावातली बाकीची माणसं पाऊसपाणी आणि पोरींची लग्नं यावर बोलत. बाबा विमानाच्या भाड्यावर बोलत. माझ्याकडून त्यांनी कंपनीचं वेळापत्रक आणवून घेतलं होतं. वाचता येत नव्हतं. नातीकडून आकडे वाचून घ्यायचे आणि त्यात चुका काढायचे.

मासळीचा दाखला द्यायचे. "म्हावरा बग. सकाली करंडी ताजी, तवा येक भाव. उन्हं चढली का दुसरा. दुपारच्याला बाईच म्हनते, ने बाबा, देशील ते दे. तुमचा इमान सुटाचे टायमाला दोन खुर्च्या खाली असल्या, त त्या कुसनार नाय काय?"

"मग?"

"मंग त्या मना दे. अर्द्या भावात."

मी समजावून सांगायचो, की बाबा, भाडं वरून ठरवलेलं असतं. पहिल्या माणसाला जे, तेच शेवटच्या माणसाला.

"सगल्यांना येकच?"

"एकच."

"त्यो भाव नाय मंग. त्यो दंड हाय."

कधी ते वजनावर यायचे. शेजारी दोन माणसांएवढा शेट बसला तर त्याचं आणि आपलं भाडं सारखं का? कधी खिडकीवर. खिडकीतल्या माणसाला दिसतं, मधल्याला दिसत नाही, तर मधल्याला सूट का नाही? एकदा त्यांनी मला फारच पेचात पकडलं. म्हणाले, "मना दिल्लीशी काय करायचाय? वर जायाचा, बगाचा, खाली याचा. येवड्याचा किती ते सांग." नुसतं वर जाऊन खाली येण्याचं तिकीट नसतं म्हटल्यावर ते हसले आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "आयकलास? यांच्याकडं सगला हाय, गिऱ्हाईकाला पायजे ते सोरून."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं कँटीनमध्ये सांगायचो. त्यांच्या बोलीत, त्यांच्यासारखा खाकरून, डोळे बारीक करून. माझी नक्कल चांगली व्हायची. लोक चहा ठेवून ऐकायला थांबायचे आणि म्हणायचे, अरे, तुझ्या त्या म्हाताऱ्याचं आज काय नवीन? परभणीहून आलेल्या, दबून बोलणाऱ्या मला त्या टेबलावर जी जागा मिळाली ती त्या नकलेमुळे मिळाली. घरी आपल्याला विश्वासाने सांगितलेलं आपण रोज सकाळी चव्हाट्यावर मांडतो आहोत, हे मला तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता विमानात एका रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगळे भाव मोजलेले असतात. खिडकीचे पैसे वेगळे, सामानाच्या वजनाचे वेगळे, आणि हे ठरवायला मोठाल्या पदव्यांची माणसं पगारावर ठेवलेली असतात. परवा शेजारच्या तरुणाने त्याचं तिकीट माझ्या निम्म्यात पडल्याचं सांगितलं. मला तो ओटा आठवला आणि कँटीनमधला हशाही आठवला.

पण बाबांना विमानात बसायचं होतं ते हौसेपोटी नव्हतं. हे मला फार उशिरा, म्हणजे राहायला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा समजलं.

गावाची जमीन नव्या शहरासाठी गेली होती. बाबांचं खाडीकाठचं भाताचं शेत त्यातच गेलं. त्या शेताला खाडीच्या बाजूने बांध होता. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून तो त्यांच्या वडिलांनी घातला होता आणि पुढे चाळीस वर्षं बाबांनी दर वर्षी चिखलाचे थापे लावून राखला होता. पाण्याचा जोर जिथे जास्त, तिथे त्यांच्या वडिलांनी बांध सरळ न नेता खाडीकडे पोट काढून नेला होता. पाण्याला आडवं गेलं की पाणी फोडतं, वळण दिलं की वळतं, असं बाबा सांगत. मोजणीवाले आले तेव्हा त्यांच्या नकाशात मात्र तो बांध पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. पोटातला तुकडा नकाशात नव्हताच.

बाबांनी त्यांना हाताला धरून बांधावरून चालवलं. मोजणीवाला पोरगेलासा होता. तो म्हणाला, "आजोबा, हा नकाशा विमानातून फोटो काढून केलाय. खालून तुम्हाला वाकडा वाटतो. वरून सरळच आहे."

सगळ्या गावाला एकच दर लागला. गोड्या जमिनीला तोच, खारीला तोच. बाबांनी सगळ्यांच्या शेवटी अंगठा दिला आणि आलेले पैसे मुलांत वाटून टाकले. पैशाबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. पण "वरून सरळ आहे" हे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं.

"माज्या बापाचा बांद वाकडा हाय," ते मला म्हणाले. "मना येकदा वरशी बगाचाय. सरल दिसला त मी गप. मंग त्यो पोऱ्या खरा."

डोंगराकडून मुरूम आणून खाजणं भरायला सुरुवात झाली होती. वाशीकडची कधीच भरून झाली होती. बोनकोड्याच्या खालची पट्टी उन्हाळ्याआधी भरणार असं बोललं जात होतं. एकदा मुरूम पडला की वरूनही काही दिसणार नव्हतं.

तिकीट काढायला त्यांच्या गाठीला पैसे नव्हते असं नाही. मुलांनीही दिले असते. पण त्यांचा हट्ट वेगळा होता. "त्यांनी बोलला त्या भावात जमीन दिली. आता ती बगाला पन त्यांनी बोलला त्योच भाव देऊ? नाय देनार." शेत सरकारनं घेतलं आणि विमान सरकारचं, म्हणून दोन्ही एकाच दुकानदाराचं, असा त्यांचा हिशेब होता. या दुकानदाराने एकदा तरी भाव खाली आणला पाहिजे.

अशा वेळी गप्प बसावं. मी फुशारकी मारली. म्हणालो, "बाबा, मी तुम्हाला फुकट नेतो."

आमच्या नोकरीत आईवडिलांना वर्षातून एकदा फुकट पास मिळायचा. माझी आई लहानपणीच गेली. दादा, म्हणजे माझे वडील, गावी होते. त्यांना औरंगाबादहून मुंबईला विमानाने आणेन असं मी नोकरी लागली त्या दिवसापासून पत्रात लिहीत होतो आणि दर वर्षी काहीतरी निघून ते राहत होतं. त्या वर्षीचा पास पडून होता. मी दादांच्या नावाने पुण्याचा पास काढायचा आणि त्यावर बाबांना बसवायचं ठरवलं. मुंबईहून सुटणाऱ्यांत पुण्याचं विमान सगळ्यात स्वस्त आणि ते खाडी ओलांडूनच जायचं. पुण्याहून परत यायला एसटी होतीच. तेव्हा ओळखपत्रं कोणी मागत नसे.

अर्जावर 'अवलंबून असलेले वडील' असा रकाना होता. मी तो वाचून दाखवला.

"म्हंजे तुज्या जिवावर जगनारा?"

"कागदावर."

"खोली माजी, आनि मी तुज्या जिवावर?" यावर ते इतके हसले की सुनेने आतून येऊन पाणी दिलं.

मग आठ दिवस तालीम चालली. नाव विचारलं तर दादांचं नाव सांगायचं. गाव विचारलं तर परभणीजवळचं आमचं गाव. शेतात काय, तर ज्वारी. मी घाईत पाठ करून घेत होतो, पण बाबा मला थांबवून भलतंच विचारायचे. तुझ्या बापाला सकाळी काय खायला लागतं? राग आला की बोलतो का गप्प बसतो? मी म्हणायचो, बाबा, हे कोणी विचारणार नाही. ते म्हणायचे, "तुना कोन विचारनार नाय. मी त्याचा नाव घेतलाय, मना म्हायती पायजे." त्या आठ दिवसांत दादांबद्दल मला काय काय माहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं. राग आल्यावर दादा काय करतात हे मला आठवेना. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

जायच्या दिवशी बाबा धोतर नेसले, मुलाचा सदरा घातला, टोपी घातली. चपला नव्या होत्या आणि दोन बसच्या प्रवासातच त्या त्यांच्या हातात आल्या. विमानतळाच्या चकचकीत फरशीवर ते अनवाणी चालत माझ्यामागून येत होते आणि मी चार पावलं पुढे चाललो होतो. त्या चार पावलांचं अंतर मी मुद्दाम ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलींनी आमच्याकडे पाहिलं तेव्हा मी माझ्या टायची गाठ सारखी केली.

पासवरच्या प्रवाशाला जागा शेवटी मिळते. पैसे भरणारे सगळे बसले, त्यातून खुर्ची उरली तर. आम्ही याला 'सबलो' म्हणायचो. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे दुपारचा म्हावरा," आणि बाकावर मांडी घालून बसले. जागा पुष्कळ उरल्या होत्या. माझ्या मित्राने खिडकीची दिली. बोर्डिंग कार्ड बाबांच्या हातात पडलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

तेवढ्यात ड्यूटीवरचे मोठे साहेब तिथून चालले होते. पासवर कोणी जातंय म्हणून थांबले, कागदावरचं 'परभणी' तेवढं वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. ते जिंतूरकडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले होते, हे मला माहीत होतं. माझं गाव त्यांना कळू नये म्हणून मी तीन वर्षं जपत आलो होतो. आमची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला, हे कळायला त्या माणसाला दोन प्रश्न पुरले असते.

"अरे, वडील का? सांगितलं नाहीस कधी, आपल्याकडचा म्हणून," ते म्हणाले आणि बाबांपुढे वाकले. "काय काका, कसं काय? यंदा पाऊसपाणी?"

"बरा हाय," बाबा म्हणाले. इथपर्यंत पाठ होतं.

"शेत कसं आहे तुमचं? काळी का माळरान?"

नाव खोटं सांगायला बाबा तयार होते. गाव खोटं सांगायला तयार होते. मुलगा खोटा आणायला तयार होते. पण शेत कसं आहे, असं एका माणसाने आपुलकीने विचारलं आणि त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"खारी हाय," ते म्हणाले. "भरतीचा पानी लागतंय. बांद घातलाय माज्या बापानं, पोट काडून. त्योच बगाला चाललोय."

साहेब सरळ उभे राहिले. "भरतीचं पाणी? परभणीला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय अजून आला नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मला नोकरी जाताना दिसली. त्याहून जवळ पुढचा प्रश्न दिसला, की मग गाव कोणतं म्हणालास, आडनाव काय. कसंही करून तो प्रश्न थांबवायचा होता. मी आवाज खाली आणून, साहेबांच्या कानाशी लागून, पण बाबांना स्पष्ट ऐकू जाईल असं बोललो, "सर, वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालाय. असं काहीही बोलतात."

वादात न हरणारा माणूस होता तो. मोजणीवाल्यांना त्यांनी सोडलं नव्हतं, मला तर रोज पाणी पाजत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं.

साहेब वाईट असते तर मला आज इतकं वाटलं नसतं. ते हळहळले. मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून ते बाबांशी बोलू लागले, वेड्या माणसाशी बोलतात तसं. काउंटरवरच्या ताटलीतल्या गोळ्या उचलून त्यांनी बाबांच्या तळहातावर ठेवल्या. "खा, काका, गोड आहे." नातवंडांना रोज गोळीचा कागद सोडून देणाऱ्या बाबांनी त्यातली एक उचलली आणि कागदासकट तोंडात टाकली. हळूहळू चावली. माझ्याकडे न बघता.

माझं खोटं त्यांनी खरं करून दिलं.

पण त्याचा परिणाम ना त्यांच्या ध्यानात आला होता, ना माझ्या. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशा अवस्थेत एकट्याला नाही रे पाठवता येणार. नियम आहे. सोबत माणूस पाहिजे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाहिजे. तू घरी ने त्यांना. मी फाइलवर शेरा मारून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी चुकून बसवणार नाही." त्यांनी बाबांच्या हातून बोर्डिंग कार्ड हळूच काढून घेतलं. बाबांनी बोटं सैल केली. मी "थँक यू, सर" म्हणालो.

खरं बोलायला माझ्यापाशी वेळ होता. पुण्याचं विमान त्यानंतर वीस मिनिटांनी सुटलं. वीस मिनिटं मी त्यांच्या शेजारी बाकावर बसून होतो.

आम्ही परतीची बस धरली. दुसरी बस पुलावर आल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि "भरती लागली" एवढं म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मना येडा म्हनलास त्याचा काय नाय," ते म्हणाले. "कागदाव मी नव्हतोच. पन त्यो बसलाय तिकडं, परभनीला. त्याला म्हायती पन नाय, का त्यो आज येडा झाला."

गावात कोणी विचारलं तर त्यांनी विमान रद्द झाल्याचं सांगितलं. घरातही तेच सांगितलं. माझं जेवणखाण, विचारपूस, सणाला घरचं बोलावणं, सगळं पूर्वीसारखं चाललं. फक्त विमान गेलं तर ते वर बघायचे आणि पुन्हा जाळ्यात मान घालायचे. भाव विचारायचे नाहीत.

मी तिकीट विकत काढू शकलो असतो. पुण्याचं तिकीट माझ्या पगारात बसत होतं. पहिल्या महिन्यात म्हटलं, थोडा काळ जाऊ दे, त्या साहेबांची बदली होऊ दे. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, ते घेणार नाहीत, त्यांचा हट्ट आहे. विचारून मात्र पाहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात दिवाळीचा बोनस आला आणि मी टू-इन-वन घेतला. रेडिओ आणि टेप एकात, दोन स्पीकर. तो ऐकायला सगळं घर माझ्या खोलीत जमलं. बाबाही दाराशी येऊन उभे राहिले. एक गाणं होईपर्यंत ऐकलं आणि मग त्यांनी विचारलं, "यो कितीचा?"

मी खरा आकडा सांगितला. तेवढ्यात ते पुण्याला चार वेळा जाऊन आले असते. हा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमत होता. जास्ती सांगतस, असं ते म्हणाले नाहीत. "आवाज चांगला हाय," म्हणाले आणि गेले.

थंडी संपता संपता डंपर आले. आदल्या दिवशी बाबा बांधावरून एकटे चालून आले. पोटाशी किती पावलं भरतात आणि सरळ गेलं तर किती, हे त्यांनी नातीला पाटीवर लिहून ठेवायला सांगितलं. दोन्ही आकड्यांत बराच फरक होता. ती पाटी त्यांनी कुणालाही दाखवली नाही. पंधरा दिवसांत तिथे लाल मुरमाचं मैदान झालं आणि पोरं त्यावर क्रिकेट खेळायला लागली. बांध वरून कसा दिसतो ते मीही कधी पाहिलं नाही. मोजणीवाला खरा की बाबा, याचा निकाल लागलाच नाही, आणि तो माझ्यामुळे लागला नाही.

त्याच उन्हाळ्यात दादा आले. मी पुन्हा पाससाठी अर्ज केला होता. तो फाइलवरच्या शेऱ्यासकट परत आला. शेरा काढायचा तर वडील वेडे नाहीत हे सिद्ध करायला हवं होतं, आणि मग त्या दिवशीचे वडील कोण, हेही. मी दादांना लिहिलं की यंदा पास बंद आहेत. ते बारा-तेरा तास एसटीत बसून, गुडघे धरत उतरले. "इमानानं आनतो म्हनला व्हतास की रे," एवढंच हसत बोलले.

संध्याकाळी बाबांनी त्यांना ओट्यावर बोलावलं. स्वतःची सतरंजी झटकून दादांना त्यावर बसवलं आणि आपण जमिनीवर बसले. दोघांची वयं सारखी, हात सारखे. एकाची बोली दुसऱ्याला निम्मी कळत होती, पण पाऊस, भात, ज्वारी असं करत गप्पा चालल्या. मी सुनेकडून चहाचे कप घेऊन बाहेर आलो तेव्हा दादा विचारत होते, "लेकरू एकलं ऱ्हातंय इथं. बरं वागतंय ना तुमच्यासंगं? खरं सांगा."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरा वागतंय. मना बापाच्या जाग्यावर धरतंय."

दादांचा चेहरा असा फुलला की तो मला अजून बघवत नाही. त्यांनी बाबांना हात जोडले. बाबांनीही जोडले. दोघांच्या मध्ये मी दोन कप घेऊन उभा होतो, आणि पहिला कुणाला द्यावा ते मला कळेना.